चिमूटभर जस्त, परार्धांचा हिशेब

जगात दर वर्षी साधारण 140 कोटी डुकरं मांसासाठी कापली जातात. तेवढी कापायची तर निदान तेवढीच पिल्लं दर वर्षी आईच्या दुधावरून तोडावी लागतात. आता कागद-पेन्सिल घ्या. 140 कोटी भागिले 365. उत्तर येतं 38 लाख 35 हजार. आणि 2011च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या किती भरली होती? 38 लाख 76 हजार! करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, कागल, हातकणंगले, शिरोळ, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, गडहिंग्लज, चंदगड. बाराच्या बारा तालुक्यांतली लहानथोर माणसं एकत्र उभी करा, जवळपास तितकी पिल्लं रोज आईपासून वेगळी होतात. काल एक कोल्हापूर जिल्हा, आज एक, उद्या आणखी एक. रविवारची सुट्टी नाही, दिवाळी नाही. सेकंदाला 44 पिल्लं!

आणि दूध तुटल्यावरच्या पहिल्या चौदा दिवसांत त्या प्रत्येक पिल्लाच्या आतड्यात जे घडतं, त्याचे आकडे तर याहून अफाट आहेत. ते एकेक करून मोजू. जिथे नक्की माप नाही तिथे ढोबळ आकडा धरू, पण धरला की तसं सांगू.

सुरुवात दुधापासून. डुकरीण पाजायला आडवी झाली की आधी हळू घुरघुरते. पिल्लं आपापल्या सडाशी धावतात. हो, आपापल्या! जन्मल्यावर काही दिवसांतच कुठला सड कुणाचा हे ठरलेलं असतं आणि सहसा त्यात बदल होत नाही. मग पिल्लं नाकानं कास ढुसण्या देऊन मळतात. आईची घुरघुर वाढत जाते, जलद होते, आणि एकदम सगळी पिल्लं स्तब्ध. कान मागे, डोळे मिटलेले, फक्त जबडा हलतो. दूध उतरलं! आणि हे दूध उतरतं जेमतेम वीस सेकंद. गाई-म्हशीच्या कासेत दूध साठून राहायला जागा असते, डुकरिणीला ती जवळपास नाहीच. वीस सेकंद संपले की कास कोरडी, आणि पुन्हा तासाभरानं तोच खेळ.

तासाला एकदा, म्हणजे दिवसाला 24 वेळा. मोठ्या फार्मांवर दूध तोडतात 28व्या दिवशी. 24 गुणिले 28 म्हणजे 672 वेळा. दर वेळी वीस सेकंद. सगळे सेकंद एकाला एक जोडा: 3 तास 44 मिनिटं! पिल्लाच्या वाट्याला आलेलं आईचं सगळं दूध, उभ्या बालपणाचं, कोल्हापुरातून सुटलेली एसटी पुण्यात शिरायच्या आत पिऊन संपलेलं असतं.

आणि तेवढ्यात ते वाढतं किती! जन्मतानाचं दीड किलोचं पिल्लू 28 दिवसांत सात-साडेसात किलोचं होतं. पाचपट! तीन किलोचं आपलं बाळ या वेगानं वाढलं तर महिना व्हायच्या आत त्याचं वजन पंधरा किलो भरेल. सहा महिन्यांत ते डुक्कर 110 किलोवर जातं. आपलं बाळ त्याच पटीत निघालं तर उष्टावणाच्या दिवशी 220 किलो!

एका पिल्लाला रोज 800 मिलीलिटर दूध मिळतं असं धरू. बारा पिल्लांची आई दिवसाला साडेनऊ लिटरच्या वर देते, म्हणजे चांगल्या मुऱ्हा म्हशीच्या तोडीला. 28 दिवसांत तिनं 40 लिटरचे जवळपास सात कॅन भरलेले असतात. आता जगभरच्या आयांचं एकत्र करा. वर्षाला 3,136 कोटी लिटर! वीस फूट व्यासाची, तेहतीस फूट पाणी असलेली आपल्याकडची विहीर घ्या, तिच्यात पावणेतीन-तीन लाख लिटर मावतात. अशा 1 लाख 7 हजार विहिरी काठोकाठ दुधानं भरतील. धरणाच्या भाषेत बोलायचं तर 1.1 टीएमसी. सात-साडेसात वर्षं हे दूध साठवत राहिलात तर शाहू महाराजांचं राधानगरी धरण भरून सांडव्यावरून दूध वाहायला लागेल. आपल्या गोकुळ संघानं रोज पंधरा लाख लिटरनं संकलन केलं तरी डुकरिणींचं एका वर्षाचं दूध गोळा करायला त्याला 57 वर्षं लागतील. संघ स्थापन झाला 1963 साली. त्याचं जवळजवळ सगळं आयुष्य त्यात गेलं असतं.

आणि हे सगळं एका सकाळी थांबतं.

28व्या दिवशी आई एका बाजूला, पिल्लू दुसऱ्या बाजूला. 672 वेळा मिळालेलं 673व्या वेळी मिळत नाही. समोर कोरडा खुराक, शेजारी अनोळखी पिल्लं. रानात, किंवा मोकळं सोडलेल्या कळपात, डुकरीण पिल्लाला हळूहळू तोडते आणि ते पुरतं तुटायला बारा ते सतरा आठवडे घेते. फार्मवर चार आठवडे! राहिलेले दोन-तीन महिने पिल्लाच्या आतड्यानं एका रात्रीत भरून काढायचे.

आतडं कसलं आहे ते बघू. हातात मावणाऱ्या पिल्लाचं लहान आतडं आठ मीटरच्या आसपास भरतं. नऊवारी लुगडं उलगडून अंगणात पसरा, एवढी लांबी! आणि त्याला आतून मखमल आहे. अर्ध्या मिलिमीटर उंचीचे बोटासारखे कोंब, एकेका चौरस मिलिमीटरवर वीस-पंचवीस. सगळ्या आतड्याचा हिशेब केला तर हे कोंब एक कोटीच्या घरात जातात. मुंबईची 2011ची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास होती. म्हणजे एकेका पिल्लाच्या पोटात एकेक मुंबई! अन्न शोषायचं काम या कोंबांचं. जितका कोंब उंच तितकं पोषण जास्त.

दूध तुटलं की हे कोंब खचतात. तीन आठवड्यांच्या पिल्लांवर केलेल्या मोजणीत पहिल्या 24 तासांतच त्यांची उंची चौथ्या हिश्शानं घटली, आणि पाचव्या दिवसापर्यंत जवळपास निम्मी झाली. कल्पना करा: कुलाब्यापासून दहिसरपर्यंत प्रत्येक इमारतीचे निम्मे मजले पाच दिवसांत खाली यावेत! दहा मजल्यांची पाच मजल्यांवर, चाळीस मजल्यांची वीसवर. आणि नेमक्या त्याच आठवड्यात पोटात शत्रू शिरतो.

शत्रूचं नाव ई. कोलाय. या जिवाणूच्या जातीत गरीब स्वभावाचे पुष्कळ आहेत, पण काही वाण असे असतात की अंगावरच्या केसांसारख्या तंतूंनी आतड्याच्या भिंतीला घट्ट धरतात आणि विष सोडतात. मग आतडं पाणी शोषायचं सोडून पाणी ओतायला लागतं. पिल्लाला हगवण लागते. सात किलोच्या जिवातून सातशे मिली पाणी निघून गेलं म्हणजे वजनाचा दहावा हिस्सा गेला, आणि मग जगणं-मरणं तासांवर येतं.

का तासांवर? कारण जिवाणू दुपटीनं वाढतात. पोषक वातावरणात ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. चला, एका जिवाणूला रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसवू. कोल्हापूर सोडताना एक. तासाभरानं मिरजेच्या सुमारास आठ. चार तासांनी साताऱ्याच्या आसपास 4,096. अजून काहीच वाटत नाही, एखाद्या मध्यम गावाएवढी वस्ती. सात तासांनी पुण्यात वीस लाख 97 हजार! आणि अकरा तासांनी, सकाळी मुंबईत उतरताना? 859 कोटी! पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा जास्त, एका रात्रीच्या प्रवासात, एका जिवाणूपासून!

थांबू नका, गणित पुढे न्या. सुटल्यापासून 24 तास झाले: 4,700 टन वजनाचे जिवाणू. एका मालगाडीला ओढवणार नाही एवढं वजन! 48 तास झाले: पृथ्वीच्या वजनाच्या 3,700 पट! पोटात तेवढा खुराकही नसतो, तेवढी जागाही नसते, आणि दुसरे कोट्यवधी जिवाणू आडवे येतात, म्हणून पृथ्वी वाचते. पण पहिल्या रात्रीचं गणित मात्र खरं होऊ शकतं, आणि पिल्लाला तेवढं पुरे असतं.

ते आडवे येणारे तरी किती? मोठ्या आतड्यातला फक्त एक ग्रॅम ऐवज घ्या, नखावर मावेल एवढा. त्यात दहा हजार कोटी जिवाणू असतात. पाढ्यांच्या जुन्या पुस्तकात एकं, दहं, शतंपासून परार्धापर्यंतची जी यादी असायची, तिच्यात हा आकडा निखर्व. एकेक जिवाणू दोन मायक्रॉन लांब. डोक्याला शेपूट लावून त्यांची एक ओळ करा. दोनशे किलोमीटर! मुंबईहून निघालेली ओळ दीडशे किलोमीटरवर पुणे ओलांडते, खंबाटकीच्या दिशेनं पुढे जाते आणि शिरवळला पोचते, जिथे आपलं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. एका ग्रॅमची ओळ!

एवढ्या मोठ्या फौजेसमोर माणसानं काय उभं केलं? पांढरी भुकटी. झिंक ऑक्साइड, जस्ताचं भस्म म्हणा. 1980च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमधल्या संशोधनातून दिसलं की दूध तुटल्यावरचे दोन आठवडे खुराकात ही भुकटी भरपूर घातली की हगवण झपाट्यानं कमी होते आणि पिल्लं वाढतात. ती नेमकं काय करते यावर शास्त्रज्ञ अजून बोलतात: कोंब सावरतात, भिंत घट्ट होते, जिवाणूंचा तोल सुधारतो. आपण ते त्यांच्यावर सोपवू आणि मात्रा मोजू, कारण मात्रेनंच डोळे विस्फारतात.

पिल्लाची रोजची गरज भागायला किलोभर खुराकात शंभर मिलिग्रॅम जस्त पुरतं. औषध म्हणून घालायचे 2,500 मिलिग्रॅम. पंचवीस पट! पिल्लू दिवसाला सरासरी पाव किलो खातं असं धरू. म्हणजे रोज 625 मिलिग्रॅम जस्त. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला 17 मिलिग्रॅम लागतं. भागाकार करा. गंगावेस तालमीत 37 पैलवान ओळीनं बसवा, त्या सगळ्यांना दिवसभर पुरेल एवढं जस्त सात किलोचं एक पिल्लू एकटं खातं! चौदा दिवसांत पावणेनऊ ग्रॅम. माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून दोन-तीन ग्रॅमच जस्त असतं. तीन-चार माणसांच्या हाडामांसात मिळून असेल तेवढं या पिल्लाच्या पोटातून दोन आठवड्यांत जातं.

आपल्या घरातला हिशेबही याच्या शेजारी ठेवून बघा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2004 साली जुलाबावर मिठा-साखरेच्या पाण्याबरोबर झिंकच्या गोळ्या द्यायला सांगितलं. आशाताई घरी येऊन देतात ती हीच गोळी. सहा महिन्यांपुढच्या बाळाला रोज 20 मिलिग्रॅम, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून, चौदा दिवस. एका बाळाचा पूर्ण कोर्स 280 मिलिग्रॅमचा. एका पिल्लाच्या चौदा दिवसांत अशी 31 बाळं बरी होतील! दिवस तेच चौदा, आतड्याचं दुखणंही त्याच घराण्यातलं, आणि मात्रेत एवढं अंतर.

आणि खर्च? पावणेनऊ ग्रॅम जस्तासाठी अकरा ग्रॅम भुकटी लागते. किलोला अडीचशे रुपये धरले तर पावणेतीन रुपये. टपरीवर कटिंगसुद्धा येत नाही तेवढ्यात! पावणेतीन रुपयांत एक पिल्लू वाचतं, हे कळल्यावर युरोपभर ही भुकटी पसरली नसती तरच नवल.

आता सगळं एकत्र करू आणि चढत जाऊ. जगातल्या 140 कोटी पिल्लांना पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येकी साडेतीन किलो खुराक म्हणजे 49 लाख टन. 58 वाघिणींच्या, साडेतीन हजार टन वाहणाऱ्या 1,400 मालगाड्या! त्या एकामागे एक रुळांवर उभ्या केल्या तर कोल्हापूरहून मुंबई गाठतील, तिथून वळतील आणि परतीच्या वाटेवर पुणे मागे टाकून साताऱ्याच्याही पुढे येतील. या सगळ्या खुराकात औषधी मात्रेनं जस्त घातलं तर 12,250 टन लागेल.

सगळीकडे ते घालत नाहीत. चीननं 2018पासून किलोला 1,600 मिलिग्रॅमची मर्यादा घातली. म्हणून फक्त युरोप घेऊ. तिथे 2022मध्ये या औषधी मात्रेवर बंदी आली, तिच्या आधी वर्षाला 25 कोटी डुकरं कापली जात होती. त्या सगळ्यांना लहानपणी ही भुकटी मिळाली असं धरलं तर 2,200 टन जस्त. वाघिणी किती? अवघ्या 37. अर्ध्या गाडीपेक्षा थोड्या जास्त. इथे कुणी म्हणेल, एवढंच? पण हे जस्त पिल्लाच्या अंगाला लागत नाही. शंभरातलं नव्वदहून जास्त शेणावाटे बाहेर पडतं. ते शेण शेतात जातं. आणि जस्त हा धातू आहे. तो सडत नाही, उडून जात नाही, साठत राहतो. दर वर्षी 37 वाघिणी, त्याच शेतांवर!

आणि इकडे आमच्या उसाला जस्त कमी पडतं. देशातल्या एक तृतीयांशाहून जास्त मातीला जस्ताची चणचण आहे. उसाची कोवळी पानं शिरांच्या मधून पांढरट पट्ट्यांनी फिकी पडतात, कांडी आखूड राहते, आणि शेतकरी कृषी सेवा केंद्रातून झिंक सल्फेटची पिशवी आणतो. हेक्टरी वीस किलो, शेणखतात मुरवून, सरीत. त्यात खरं जस्त 4.2 किलो. गुंठ्यात सांगायचं तर 42 ग्रॅम. आता पिल्लाकडे परत या: एकाचं पावणेनऊ ग्रॅम, पाचांचं 44 ग्रॅम. पाच पिल्लांमागे एक गुंठा ऊस! युरोपच्या 25 कोटी पिल्लांमागे 5 लाख 20 हजार हेक्टर! कोल्हापूर जिल्ह्याचं सगळं क्षेत्रफळ, डोंगर, जंगल, धरणं, गावठाणं धरून, 7 लाख 68 हजार हेक्टर आहे. त्याचा दोन तृतीयांश भाग नुसत्या ऊसलागणीला पुरवता येईल एवढं जस्त एका वर्षात पिल्लांच्या पोटातून वाहून जिथे गरज नाही तिथे पडत होतं. हा आकडा मी तीनदा ताडून पाहिला. तो तसाच राहिला आणि मला तो आजही बेचैन करतो.

युरोपीय आयोगानं 26 जून 2017ला निर्णय घेतला आणि पाच वर्षांची मुदत दिली. 26 जून 2022पासून औषधी मात्रेचं झिंक ऑक्साइड तिथे बंद झालं. एक कारण माती आणि पाणी. दुसरं त्याहून गंभीर: जस्त पचवायला शिकलेले काही जिवाणू त्याच वेळी प्रतिजैविकांनाही दाद देईनासे होतात. आता तिथे किलोभर खुराकात 150 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. 2,500वरून 150! मग खुराकातली प्रथिनं कमी केली, लसी आणल्या, आम्लं घातली, गोठे स्वच्छ केले, आणि काहींनी सगळ्यात साधी गोष्ट केली, पिल्लू आईजवळ आणखी काही दिवस ठेवलं. माझं मत विचाराल तर खरं औषध हेच होतं. आपल्याकडे भारतात पिल्लं सहसा सहा ते आठ आठवड्यांनी तोडतात. आजरा-आंबोलीच्या वाटेनं घाट उतरून गोव्यात गेलात तर काणकोणच्या आगोंद गावाचं नाव लाभलेली आगोंद गोअन ही देशी डुकरं आहेत, नोंदणी झालेली जात, घरोघरी परसात वाढणारी. जुने गोव्यातली केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था त्यांच्यावर काम करते. आठ आठवडे म्हणजे 56 दिवस. 24 गुणिले 56 म्हणजे 1,344 वेळा आई. फार्मवरच्या पिल्लाच्या बरोब्बर दुप्पट!

आणि शेवटी त्या एका पिल्लाच्या चौदा दिवसांकडे वळू. पावणेनऊ ग्रॅम जस्त, तळहातावर घेतलं तर चिमूटभर. त्यात अणू किती? आठावर बावीस शून्यं. पाढ्यांच्या पुस्तकातल्या यादीत परार्ध शेवटचा, एकावर सतरा शून्यं, त्याच्या पुढे नावच नाही. म्हणून असं म्हणावं लागतं: आठ लाख परार्ध! ते जगातल्या 800 कोटी माणसांत वाटून टाका. प्रत्येकाच्या ओंजळीत दहा लाख कोटी अणू, त्याच यादीतला एक शंकू. आता प्रत्येकानं आपला वाटा मोजायचा. सेकंदाला एक, जेवायला उठायचं नाही, झोपायचं नाही. संपायला 3 लाख 17 हजार वर्षं लागतील! आपल्या जातीच्या माणसाचे आजवर सापडलेले सगळ्यात जुने अवशेष सुमारे 3 लाख वर्षांपूर्वीचे आहेत. त्या पहिल्या माणसांच्या काळात आपण सगळे मिळून एका पिल्लाचं जस्त मोजायला बसलो असतो, तर आज अजून सतरा हजार वर्षांचं मोजायचं राहिलं असतं, आणि तेवढ्यात शेजारी दर सेकंदाला 44 नवी पिल्लं येऊन उभी राहिली असती!